पंथी, पंडवानी आणि भिलाईचा प्रेक्षक

समकालीन नृत्याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते तीत ‘प्रेक्षक घडविणे’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. त्यामागे एक गृहीत असते. कलाकृती आधी सिद्ध होते आणि तिच्यासाठी प्रेक्षक नंतर शोधावा, शिकवावा, जमवावा लागतो, असे ते गृहीत होय. उदय शंकरांनी १९३८ साली अल्मोडा येथे आपले केंद्र स्थापन केले तेव्हापासून या नव्या नृत्याच्या पुरस्कर्त्यांना प्रेक्षकाची चिंता लागून राहिली आहे. मुंबईस १९८४ साली पूर्व आणि पश्चिम येथील नर्तकांचे जे संमेलन भरले, त्याच्याही मुळाशी ती होती. चंद्रलेखा यांच्या ‘अंगिका’ने (१९८५) भरतनाट्यमाच्या शेजारी कळरिपयट्टू आणि योग यांना आणून बसविले. ही घटना मोठी खरीच. पण ती पाहणारा वर्ग महानगरांतील आणि संख्येने लहान होता. आपल्या देहवैविध्याचा हा शोध ज्यांचे देह त्या वैविध्याचे धनी आहेत त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचला.

भिलाई येथे हा क्रम उलटा दिसतो. तेथे प्रेक्षक आधीपासून होता आणि रंगमंच मागाहून आला. या उलट क्रमापासून समकालीन नृत्याच्या अभ्यासकाने काय घ्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मराठी वाचकास छत्तीसगड परका वाटू नये. नागपूरकर भोसल्यांची सत्ता तेथे होती. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषी होते. आणि १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होते. प्रांत फुटला त्याच सुमारास सोव्हिएत सहकार्याने दुर्गच्या शेजारी पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याबरोबर सेक्टरांत आखलेली वसाहत आली आणि वसाहतीत बंगाली, मलयाळी, तेलुगू, पंजाबी, मराठी अशी देशभरची माणसे आली. प्रत्येकाने आपापला मांडव घातला. दुर्गापूजा, ओणम, गणेशोत्सव हे सारे काही फर्लांगांच्या अंतरावर साजरे होऊ लागले. यास सांस्कृतिक वैविध्य म्हणण्याची पद्धत आहे. परंतु हे वैविध्य पुष्कळसे शेजार-शेजारचे होते, परस्परांचे नव्हते. आणि ज्या गावांच्या जमिनींवर वसाहत उभी राहिली त्या गावांचा मांडव त्यात सर्वांत शेवटी मोजला गेला.

त्या गावांतील सतनामी समाजाचे नृत्य म्हणजे पंथी. गुरू घासीदास (१७५६–१८५०) यांच्या उपदेशावर हा पंथ उभा आहे. एकच सत्यनाम आणि मनुष्यामनुष्यांत भेद नाही, हा त्याचा गाभा. ज्यांना गावाच्या विहिरीवर आणि देवळात मज्जाव होता त्यांनी हा पंथ स्वीकारला, हे ध्यानात घेतल्यावाचून पंथीचा अर्थ लागत नाही. पांढरी ध्वजा लावलेल्या जैतखांबाभोवती, मांदर आणि झांज यांच्या साथीने, पायांत घुंगरू बांधलेले नर्तक वर्तुळात फिरतात. मुख्य गायक ओळ म्हणतो, इतर ती उचलतात. लय आरंभी अतिशय संथ असते. पाहणाऱ्याला वाटावे की ही माणसे अजून नाचावयास लागलेलीच नाहीत. मग ती चढत जाते आणि शेवटी अशा वेगास पोहोचते की शब्द आणि श्वास यांत अंतर राहत नाही. खांद्यांवर खांदे चढवून रचलेले मनोरे त्या टोकाला येतात. भोवती बसलेल्यांस गीत पाठ असते. कोणते पद कोठे वळणार आणि कोणत्या ओळीवर पाऊल पडणार हे त्यांना ठाऊक असल्यामुळे चूक झालेली त्यांना कळते, आणि कळली की ते बोलून दाखवितात.

हबीब तनवीर (१९२३–२००९) यांनी या प्रेक्षकाचे मोल ओळखले. रायपूरचे असूनही छत्तीसगडी नाचा कलावंतांस आपल्या भाषेत आणि आपल्या चालीने वावरू दिले पाहिजे, हे उमगण्यास त्यांना बरीच वर्षे लागली. १९७४-७५ च्या सुमारास भिलाई येथील कार्यशाळेत विजयदान देथा यांनी सांगितलेल्या राजस्थानी लोककथेवर त्यांनी एक नाटक बांधावयास घेतले. खरे बोलण्याच्या व्रतापायी प्राण गमावणाऱ्या चोराची ती कथा. सत्य हेच ज्यांचे दैवत त्या सतनामी श्रोत्यांसमोर, उघड्या मैदानावर, नाटक अपुरे असतानाच त्यांनी ते मांडले. ‘चरणदास चोर’ या नावाने पुढे जे विख्यात झाले ते हेच. १९७५ साली श्याम बेनेगल यांनी त्यावर चित्रपट केला आणि १९८२ साली एडिंबरा येथील महोत्सवात त्यास ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. धनोऱ्याचे देवदास बंजारे यांच्या पंथीने नाटकाच्या शरीरात जी जागा घेतली ती सजावटीची नव्हती. सत्याविषयी नाटक जे सांगू पाहते ते पंथी आधीच गात होती. एडिंबरेचा प्रेक्षक जो प्रयोग पाहत होता त्याची पहिली परीक्षा भिलाईच्या मैदानावर झालेली होती, ही गोष्ट समीक्षेत फारशी नोंदली जात नाही.

येथे महाराष्ट्राकडे वळून पाहणे उपयुक्त ठरेल. आपल्याकडेही त्याच काळात लोकपरंपरा नागर रंगभूमीवर आली. ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) आणि ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) ही दोन उदाहरणे सर्वपरिचित आहेत. पण या नाटकांत परंपरेचा घाट आला, परंपरेतील माणसे बहुधा आली नाहीत. तमाशाच्या फडातील कलावंत फडातच राहिला आणि त्याचा प्रेक्षकही तंबूतच राहिला. शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने १९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकास कोळीनृत्यापासून गोंधळापर्यंत सारे काही एका बैठकीत दाखविले. तिचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. कित्येक मध्यमवर्गीय मराठी घरांस गोंधळ म्हणजे काय ते तिनेच सांगितले. तथापि जो गोंधळ रात्रभर चालतो तो काही मिनिटांत आटोपला की त्यातील देवीला येण्यास अवसरच उरत नाही. लोकधारेने प्रेक्षक निर्माण केला हे खरे. तो गोंधळाचा प्रेक्षक होता काय, हा प्रश्न उरतो. तनवीरांची पद्धत निर्दोष होती असेही नव्हे. नाट्यसंस्थेबरोबर जगभर हिंडलेले कलावंत दिग्दर्शकाच्या नावाखालीच ओळखले गेले. पण त्यांनी कलावंताबरोबर त्याच्या प्रेक्षकालाही नाटकाच्या जडणघडणीत स्थान दिले.

पंडवानीत या स्थानास एक नावच आहे. गायक कथा सांगतो तेव्हा त्याच्याजवळ बसलेला रागी ओळीओळीस हुंकार देतो, मधूनच ‘मग काय झाले?’ असे विचारतो, कधी शंका काढतो. तो साथीदार आहे, आणि श्रोत्यांचा मुखत्यारही आहे. आपल्या पोवाड्यातील झीलकऱ्याचे किंवा गोंधळ्याच्या जोडीदाराचे काम ज्यांनी बारकाईने ऐकले आहे त्यांना हे नाते लगेच ओळखू येईल. भिलाईजवळच्या गनियारी येथे १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाईंनी पंडवानीची कापालिक शैली उचलली. ही शैली उभ्याने, अभिनयासह गावयाची. ती पुरुषांची मानली जाई आणि स्त्रियांनी बसून वेदमती शैलीत गावे असा संकेत होता. हा संकेत मोडल्याबद्दल जातीने त्यांना बाहेर काढले. हातातील तंबोरा क्षणात भीमाची गदा व्हावा, क्षणात अर्जुनाचे धनुष्य, ही किमया त्यांनी प्रथम खेड्यांतील श्रोत्यांसमोर केली. कारखान्याने पुढे त्यांना नोकरी दिली. १९८८ साली ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन-मालिकेतून त्या देशास दिसल्या आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. छत्तीसगडी न कळणाऱ्या सभागृहांत त्या गात तेव्हा रागीचा हुंकार हाच श्रोत्यांस कथेत शिरण्याचा दरवाजा होई. नव्या प्रेक्षकासाठी त्यांनी कथेचा हा जुना प्रेक्षक मंचावर बरोबर नेला होता. समकालीन नृत्यरचनाकारांनी विचार करावा अशी ही युक्ती आहे. कारण त्यांच्या मंचावर बहुधा विचारणारा कोणीच नसतो.

भिलाईच्या कारखान्याने सत्तरच्या दशकात छत्तीसगडी लोककलांचा महोत्सवही सुरू केला. उद्योगाने अशा कामासाठी पैसा वेचावा हे अपूर्वच होते आणि त्यातून अनेक पथके पुढे आली. परंतु महोत्सवाचा मंच वेळ मोजतो. त्याच मध्य प्रदेशात १९७५ पासून खजुराहो येथे शास्त्रीय नृत्याचा महोत्सव होऊ लागला. एकीकडे ‘शास्त्रीय’, दुसरीकडे ‘लोक’ अशी वाटणी झाली. आणि ‘समकालीन’ हे बिरुद महानगरांनी स्वतःकडे ठेवले. जैतखांबाभोवतीची पंथी मंचावर येताना विसाव्या शतकात बदलली. आता तर स्त्रियांची पथकेही ती नाचतात. ती समकालीन का नाही, याचे उत्तर नृत्याच्या व्याकरणात सापडत नाही. वाटणी करणाऱ्यांच्या सामाजिक स्थानात ते सापडते. सभागृहातील प्रेक्षकास गीत कळत नाही, म्हणून टाळी मनोऱ्याला पडते. टाळी मनोऱ्याला पडते, म्हणून मनोरे उंच होतात आणि गीत आखूड. समतेचा उच्चार करणारे नृत्य अशा रीतीने कसरत म्हणून पाहिले जाते.

या व्यवहारात प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे. काही वर्षांपूर्वी एका परिसंवादाच्या उद्घाटनास पंथीचे एक पथक बोलाविले होते आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यास सात मिनिटे दिली होती. ती पत्रिका आखणाऱ्यांपैकी मी एक होतो. पथकाच्या प्रमुखांनी शांतपणे विचारले, “कोणती सात? आरंभीची की शेवटची?” आम्ही शेवटची मागितली. अंग तापलेले नसताना त्या माणसांनी थेट द्रुत लयीत उडी घेतली, मनोरा रचला, टाळ्या घेतल्या आणि ती खाली उतरली. संध्याकाळी पाहुणे भोजनास बसले असता सभागृहामागच्या मोकळ्या जागेतून मांदर ऐकू आला म्हणून आम्ही दोघे-तिघे तिकडे गेलो. बागेतले माळी, सफाईचे कामगार, मोटारींचे चालक जमिनीवर बसले होते आणि पथक आरंभापासून नाचत होते, अगदी संथ. एका वयस्कर माळ्याने गायकास मध्येच थांबवून एक ओळ राहिल्याचे सांगितले. गायकाने मान हलविली, आणि सारे वर्तुळ दोन पावले मागे येऊन त्या ओळीपासून पुन्हा सुरू झाले.