ऊन, ऊस आणि कातडीचा रंग

डिसेंबर महिना आहे. श्रीरामपूरच्या शिवारात उसाची तोड चालू आहे. हवा इतकी गार, की दुपारचे ऊनही हवेसे वाटते. अशा वेळी ऊस तोडणाऱ्या गड्याने सदऱ्याची लांब बाही वर सारली, तर काय दिसते? मनगटाच्या अलीकडे एक रंग, पलीकडे दुसरा! तुमच्यापैकी जो घड्याळ वापरतो, त्याने आपला पट्टा काढून पाहावा.

‘उन्हाच्या तापाने कातडी करपली’ असे आपण सहज म्हणून जातो. पण नुसत्या तापाने हे घडते, तर गुऱ्हाळावर चुलवणाला जाळ घालणाऱ्याला हा रंग धगीनेच चढला असता. तसे होत नाही, आणि डिसेंबरच्या थंडीतही गड्याचे हात काळवंडतात. तेव्हा दोषी कोणी वेगळाच असला पाहिजे.

तो म्हणजे अतिनील किरण. जुन्या पुस्तकांत याला ‘जंबुपार’ असे गोड नाव होते. १८०१ साली रिटर या जर्मन शास्त्रज्ञाला आढळले, की वर्णपटात जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेथे सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळे पडते. या किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण आपल्या कामाचे. ओझोनचा थर त्यांतले बहुतेक अडवतो. उरलेले थोडे कातडीवर येऊन पडतात.

आता कातडीच्या आत चला. पेशीच्या केंद्रकात डीएनएचा लांब धागा असतो. त्यात थायमिन नावाचे दोन घटक कोठे शेजारी आले आणि त्यांनी अतिनील किरण शोषला, की ते एकमेकांना चिकटतात. धाग्याला जणू गाठ बसते. पेशीतली विकरे तो तुकडा कापून तेथे नवा भरतात. नुकसान फार झाले तर पेशी मरते. दुरुस्ती चुकली आणि चुका साठत गेल्या, तर पुढे कर्करोगही होऊ शकतो.

पण जखमी पेशी गप्प बसत नाही. ती एक रासायनिक निरोप पाठवते. तो मिळतो बाह्यत्वचेच्या तळाशी बसलेल्या रंगपेशींना. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवू लागतात आणि त्याच्या कणांच्या पिशव्या आपल्या लांब फाट्यांतून आसपासच्या पेशींना वाटतात. एका रंगपेशीच्या वाट्याला अशा तीस-चाळीस पेशी येतात. गंमत पुढेच आहे. पेशीत शिरलेले हे कण वाटेल तसे विखुरत नाहीत; केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला, टोपीसारखे गोळा होतात! हे सारे व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून जत्रेहून आल्यावर चौथ्या दिवशी आई म्हणते, “किती रापलास रे!”

म्हणजे रापणे हा मळ नव्हे, आणि आरोग्याचे तेजही नव्हे. आधी इजा, मग छत्री. ती छत्रीही विरळच. तिने संरक्षण वाढते ते फार तर तीन-चार पट.

वर्गात कोणाला ‘काळ्या’ म्हणून चिडवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे : गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक मेलॅनिनचे प्रमाण, त्याचा प्रकार आणि त्याच्या कणांची मांडणी यांत असतो. गोरे करणाऱ्या काही मलमांत पारा किंवा स्टिरॉइड सापडलेले आहे. त्यांच्या नादी न लागणेच बरे. ज्यांच्या शरीरात जन्मतःच मेलॅनिन बनत नाही, अशा मुलांना मात्र ही टोपी कधीच मिळत नाही. शिक्षकांनी त्यांना कवायतीच्या वेळी सावलीत उभे करावे. लांब बाह्या आणि रुंद काठाची टोपी घालू द्यावी.

अतिनील किरण दिसत नाहीत, जाणवत नाहीत. मग ते जोरात आहेत हे ओळखावे कसे? सावलीवरून! सूर्य जितका वर, तितका किरणांचा हवेतला प्रवास कमी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर किरण प्रखर समजावेत. श्रीरामपूर सुमारे १९.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १०० सेंटिमीटरची काठी उभी रोवा. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली ९३ सेंटिमीटर भरेल, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही काठीपेक्षा आखूडच. लंडनमध्ये त्याच दिवशी मध्यान्हीला ती काठीच्या साडेतीन पटींहून लांब पडते. आणि १८ मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या थोडे आधी, श्रीरामपुरात ती काठीच्या बुंध्याशी गडप होईल. २५ जुलैच्या आसपास पुन्हा तसेच होते. पण तेव्हा ढगांनी परवानगी द्यायला हवी.