पडद्यावरची चार चाके

मोटारीच्या डॅशबोर्डावरील पडद्यावर चारही चाकांकडे शक्ती वाहत असल्याचे दाखविणारी जी रंगीत पट्ट्यांची आकृती असते, ती पाहून ज्यांनी आजवर समाधान मानले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आणि थोडेसे सांगलीच्या एका सर्व्हिस सेंटरमधील त्या तरुण ॲडव्हायझरसाठीही, ज्याने चार माणसांदेखत मला ‘काका, तुम्हाला चढाची सवय नसेल’ असे सुनावले. यवतेश्वरच्या घाटात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्याला!

आजच्या बहुतेक एसयूव्हींतील ऑल-व्हील ड्राइव्ह ही जुन्या जिप्सीसारखी तरफ ओढून पुढचा व मागचा एक्सल एकत्र जखडणारी व्यवस्था नव्हे. एरवी पुढचीच चाके गाडी ओढतात. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी तेलात बुडालेला, अनेक चकत्यांचा एक क्लच असतो, आणि चाकांचे वेग, स्टिअरिंगचा कोन व ॲक्सिलरेटरवरील दाब पाहून तो क्लच किती आवळावा, म्हणजेच किती टॉर्क मागे धाडावा, हे संगणक ठरवितो. पडद्यावर दिसतो तो हा निर्णय, फार तर त्यावरून मांडलेला हिशेब. मागच्या चाकांवर प्रत्यक्ष पोहोचलेला टॉर्क मोजणारे उपकरण तेथे नसते. हुकूम सुटल्याची जावक-नोंद पाहूनच कचेरीतील एखाद्या कारकुनाने ‘तामिली झाली’ असा शेरा मारावा, त्यातलाच हा प्रकार.

कासच्या पठारापलीकडे, बामणोलीच्या रस्त्याला डावीकडे फुटणाऱ्या एका जांभ्याच्या पायवाटवजा चढावर, भर श्रावणात, मेहुण्यांच्या घरी निघालो असता गाडी थांबली. पुढची चाके तांबडा चिखल उडवीत जागच्या जागी फिरत होती. पडद्यावर मागच्या पट्ट्या काठोकाठ भरलेल्या होत्या, इतक्या की मेहुणे खाली उतरून ओरडले तेव्हा मला ते खरेच वाटेना. ‘दाजी, मागचं चाक हललंच नाही!’ मी त्यांना आत बसविले, ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला आणि स्वतः मागच्या चाकाशी वाकलो. व्हॉल्व्हची हिरवी टोपी तळाशी होती. इंजिन ओरडत होते, आतून मेहुणे ‘पट्ट्या फुल्ल आहेत’ म्हणून सांगत होते, आणि ती टोपी तळाशीच होती. त्या क्षणी जे कळले, ते गाडी विकताना कोणी सांगितले नव्हते आणि पुढेही कोणी कबूल करावयास तयार झाले नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये जी परीक्षा झाली तिचे वर्णन करण्याचा मोह आवरत नाही. फरशीच्या कोरड्या, सपाट अंगणात गाडी उभी केली, ॲडव्हायझरने ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला, मागच्या पट्ट्या उजळल्या, आणि त्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. कोरड्या फरशीवर गाडी पुढच्या दोन चाकांनीही पळते, हे त्याला सांगून पाहिले. पुढे लेखी तक्रार दिली तेव्हा उत्तर आले: ‘डिस्प्लेमध्ये दोष आढळला नाही.’ डिस्प्लेविषयी माझी तक्रार कधी नव्हतीच.

अखेर साताऱ्याच्या एका खासगी गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढली. क्लच आवळण्यासाठी तेलाचा दाब निर्माण करणाऱ्या छोट्या पंपाची जाळी चकत्यांच्या झिजेच्या काळ्या गाळाने पुरती बुजलेली होती. पंप फिरत होता, वीज घेत होता, म्हणून संगणकास सर्व आलबेल दिसत होते. दाब मात्र नव्हता. गाडीच्या पुस्तिकेत हे तेल बदलण्याची मुदत स्पष्ट छापलेली आहे, आणि माझ्या एकाही सर्व्हिस-बिलात त्या तेलाची ओळ नाही. ‘ड्राइव्हलाइन: तपासले, ठीक’ एवढा शेरा मात्र दर वेळी आहे.

तेव्हा ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी प्रथम बिले काढून या क्लचच्या तेलाची ओळ शोधावी. मागच्या डिफरन्शियलचे तेल अनेक गाड्यांत वेगळे असते, ते बदलले म्हणजे हेही बदलले असे समजू नये. संशय आलाच तर पडदा आणि मागचे चाक एकाच चित्रफितीत येतील असे दोघांनी मिळून चित्रण करावे. तोंडी हुज्जतीला सर्व्हिस सेंटरमध्ये किंमत नाही. टायर बदलताना चारही एकाच मापाचे, सारख्या झिजेचे ठेवावेत, नाहीतर परिघातील फरकामुळे सरळ हमरस्त्यावरही क्लच घासत व तापत राहतो. बंद पडलेली गाडी पुढची चाके उचलून ओढू देऊ नये, सपाट ट्रकवरच चढवावी. क्रेनवाला घाई करील, करू द्यावी. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात टायरांच्या खाचा चिखलाने भरल्या की चार चाके काय नि दोन काय, सारखीच. घाटात सावकाश जावे, हे आहेच.

तक्रार द्याल ती लेखी द्या आणि पोच घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि आपण दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच पुरेसा आहे. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. सांगलीच्या त्या मंडळींना मी नोटीस दिली आहे आणि तिची मुदत अद्याप संपायची आहे. तोवर गाडीचे प्रत्येक काम शंभर किलोमीटरांहून लांब साताऱ्यास होते, आणि त्या फेऱ्यांच्या पेट्रोलच्या पावत्याही मी फायलीस जोडीत आहे.