मुलांच्या ओठी मायबोलीतील वचन

शास्त्रपाठ : अनुवाद ६:४-९, नीतिसूत्रे ३१:१-३१, स्तोत्र १३६



हैदराबाद, बडोदा, इंदूर, दिल्ली अशा शहरांत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील पुष्कळ मुले मराठी बोलतात. परंतु वाचत नाहीत. कौटुंबिक उपासनेत पवित्र शास्त्र एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि मुलापाशी येताच पुढे सरकते. आजीने खुणा करून ठेवलेले शास्त्र उद्या त्याच्याच हाती येणार आहे. ते त्याला वाचता येईल काय?

देव मराठीपुरता बांधलेला नाही, हे खरे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाला सुवार्ता आपापल्या भाषेत ऐकू आली. परंतु ज्या भाषेत आई प्रार्थना करते, त्याच भाषेतील शास्त्र मुलाला बंद राहिले, तर घरचा विश्वास ही केवळ मोठ्या माणसांची बाब आहे असे त्याला वाटू लागते. परप्रांतात राहतो ही सबबही पुरेशी नाही. विल्यम कॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी नवा करार १८११ साली छापला, तो बंगालमधील श्रीरामपूर येथे!

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे शिक्षणाची जागा सांगतो. ती घर आहे. बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना वचनाविषयी बोलावे आणि ते दारांच्या बाह्यांवर लिहावे, असे तो सांगतो. म्हणजे वचन मुलाच्या कानी पडावे, तसेच त्याच्या डोळ्यांसमोरही असावे. पुढील काही रीती याच धोरणाच्या आहेत.

१. शाळेतील लिपीचा आधार घ्यावा. हिंदी शिकणाऱ्या मुलाला देवनागरी अक्षरे येतातच. तो अडखळतो तो ‘ळ’पाशी, ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्ध्या ‘र’पाशी आणि ‘चार’ व ‘चाक’ यांतील ‘च’च्या दोन निराळ्या उच्चारांपाशी. तेवढेच शब्द निवडून खेळ करावा. गुजराती शिकणाऱ्याला पुष्कळ अक्षरे ओळखीची वाटतील. त्यांवर शिरोरेघ मात्र नसते. तेलुगू व कन्नड अक्षरांची वळणे वेगळी असली, तरी क-ख-ग-घ हा क्रम तोच आहे. तेव्हा दोन्ही लिप्यांचा तक्ता मुलाकडूनच तयार करून घ्यावा.

२. चिठ्ठ्यांचा शोध. ‘उशीखाली पाहा’, ‘तांदळाच्या डब्यामागे पाहा’ अशा चार-पाच चिठ्ठ्या घरात लपवाव्यात. प्रत्येक चिठ्ठी पुढच्या चिठ्ठीचा पत्ता सांगते. शेवटी एखादा लाडू असावा. प्रारंभी काना, मात्रा व वेलांटीचे सोपे शब्द घ्यावेत. जोडाक्षरे नंतर आणावीत.

३. स्तोत्र १३६. या स्तोत्रात २६ वचने आहेत आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच आहे. पूर्वार्ध वडिलांनी वाचावा, उत्तरार्ध मुलाने. एकच ओळ वाचता येणारे मूल अशा रीतीने संपूर्ण स्तोत्राच्या वाचनात सहभागी होते. ओळीखाली बोट मात्र फिरत राहावे, नाहीतर ते केवळ पाठांतर होईल.

४. चूक पकडा. दाविदाने ओहोळातून पाच गुळगुळीत गोटे निवडून घेतले (१ शमुवेल १७:४०). आपण गंभीरपणे ‘पाच बटाटे’ असे वाचावे! हसत हसत चूक दाखवण्यासाठी मुलाला पानावर नजर रोखून ठेवावी लागते.

५. पात्रे वाटून वाचन. नामानाची गोष्ट (२ राजे ५) यासाठी उत्तम आहे. बंदी करून नेलेल्या लहान मुलीच्या तोंडी एकच वाक्य आहे. ते घरातील सर्वांत लहान वाचकाला द्यावे. त्या एका वाक्यानेच पुढील सर्व कथा घडते, हेही त्याच्या ध्यानात येईल.

६. उपकारांची वर्णमाला. अक्षरांचा असा उपयोग शास्त्राला नवा नाही. स्तोत्र ११९ मध्ये इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे २२ कडवी असून प्रत्येकात आठ वचने आहेत. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायाचा आरंभ लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीने होतो; त्याच अध्यायाच्या अखेरच्या २२ वचनांतही वर्णमालेचा क्रम आहे. भाषांतरकाराला अर्थ आणता येतो, ही अक्षररचना मात्र बहुधा मूळ भाषेतच राहून जाते. आपल्या घरी ती मराठीत पुन्हा उभी करावी: ‘आ’ आजीसाठी, ‘क’ कामासाठी, ‘प’ पावसासाठी. रोज एका अक्षराचे उपकारस्मरण मुलाने वहीत लिहावे आणि उपासनेत वाचून दाखवावे.

काही पथ्ये पाळावीत. रोज दहा मिनिटे पुरेत. कंटाळा येण्यापूर्वीच थांबावे. मूल अडखळले, तर लगेच शब्द पुरवू नये, थोडा वेळ द्यावा. पाहुण्यांसमोर वाचायला लावून त्याच्या उच्चारांना हसू नये. शास्त्रवाचन शिक्षा म्हणून तर कधीच देऊ नये; ज्या पुस्तकाशी अपमानाची आठवण जोडली गेली, ते पुस्तक मोठेपणी आपणहून उघडणे कठीण जाते.

शेवटी, अक्षरे जुळवणे म्हणजे वाचन पूर्ण होणे नव्हे. एज्राच्या काळी नियमशास्त्र स्पष्ट वाचून लोकांना त्याचा अर्थ समजावून दिला गेला (नहेम्या ८:८). रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी षंढालाही फिलिप्पाने प्रथम हेच विचारले, की वाचता ते समजते काय? आपणही प्रत्येक वाचनानंतर मुलाला एक प्रश्न विचारावा आणि त्यालाही आपल्याला एक प्रश्न विचारू द्यावा.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील मुलाच्या हाती मराठी शास्त्र शेवटचे कधी आले होते?
२. अनुवाद ६:७ मध्ये सांगितलेल्या चार प्रसंगांपैकी कोणत्या प्रसंगी आपल्याला दहा मिनिटे देता येतील?
३. या आठवड्याच्या कौटुंबिक उपासनेत मुलाकडे कोणते एक वाक्य सोपवता येईल? ते आजच निवडून ठेवा.