धातू सांधण्याची विद्या आणि शेतकऱ्याचे घर

शेतीच्या धंद्यात वेळेस जे मोल आहे ते दुसऱ्या कशासही नाही. वापसा आलेली जमीन कोणाकरिता थांबत नसते. ऐन पेरणीत पाभरीचा फण मोडला अथवा नांगराचा सांगाडा तडकला, तर खरे नुकसान त्या लोखंडाचे नसून हुकलेल्या दिवसांचे असते. मोडका भाग घेऊन शेतकरी रस्त्यावरील वेल्डिंगच्या दुकानी जातो, पाळी येईपर्यंत ताटकळतो, जोड मारून आणतो. आणि शेतात चार तास घातले न घातले तोच तो भाग पुन्हा मोडतो. मोड पाहावी तर जोड शाबूत असतो व त्याच्या लगतचे लोखंड तुटलेले असते. यास दैव म्हणण्याची आपणांस सवय झाली आहे. वस्तुतः यास निश्चित कारण आहे, ते कारण शिकता येते, व ते शिकविण्याची सोयही आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

औत बदलले, विद्या बदलली नाही

पूर्वी औत लाकडी असे. त्यात लोखंड म्हणजे काय ते फाळाचे व पासेचे. ते पाजविण्याचे काम गावचा लोहार करी व त्याबद्दल खळ्यावर त्यास बलुते मिळे. पुढे १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर बनविला. लोखंडाने जमीन नासेल अशी शंका त्या वेळी अनेक शेतकऱ्यांस होती. ती हळूहळू फिटली; १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, व लोखंडी नांगर घरोघर झाला. आज तर ट्रॅक्टरमागील नांगर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर, मळणीयंत्र, ट्रॉली अशी सगळीच लोखंडाची सामग्री शेतकऱ्याच्या अंगणात उभी असते. परंतु औते लोखंडाची झाली तरी लोखंडाची विद्या काही घरात आली नाही. बलुत्याचा लोहारही बहुतेक गावांतून नाहीसा झाला. परिणामी हजारो रुपयांच्या यंत्राची दुरुस्ती, पाहून पाहून हात बसलेल्या माणसावर सोपवावी लागते. तो मनुष्य कष्टाळू असतो यात संशय नाही. पण आपण काय जोडीत आहो हे त्यास कोणी शिकविलेले नसते.

जोडाशेजारी का मोडते

पोलाद म्हणजे लोखंड व अल्पसा कोळसा म्हणजे कार्बन यांचे मिश्रण होय. साध्या नरम पोलादात, म्हणजे अँगल, पट्टी, पाइप इत्यादींत, कार्बन शेकडा पाव भागाच्या आत असतो. मालमोटारीच्या कमानपाट्यात तो शेकडा अर्ध्या भागाच्या आसपास किंवा थोडा अधिक असतो. बिडात तर तो शेकडा दोन ते चार भागांपर्यंत असतो. एवढ्याशा फरकाने धातूचा स्वभाव पार पालटतो.

लोहार फाळास पाणी कसे देतो हे आपण पाहिले आहे. लाल तापलेला फाळ पाण्यात बुडविला की तो कठीण होतो, आणि ते पाणी जादा झाले तर काचेप्रमाणे ठिसूळ होतो. जोड मारताना नेमके हेच घडते. फरक इतकाच की येथे पाण्याचे काम सभोवारचे थंड लोखंड करते. रॉडच्या ठिणगीने लहानशी पट्टी लालबुंद होते व भोवतालची जाड धातू तिची उष्णता क्षणात ओढून घेते. नरम पोलादास यापासून फारसा अपाय नाही, कारण कार्बन थोडा असल्याने त्यास पाणी चढत नाही. पण कमानपाट्यापासून केलेल्या फणास तसेच जोडले तर जोडालगतची पट्टी कडक व ठिसूळ होते आणि पहिल्याच दगडावर मोडते.

यावर उपाय आहे. असा भाग जोडण्यापूर्वी दोनशे ते तीनशे अंश सेंटिग्रेडपर्यंत सारखा तापवावा, ओल न धरलेला लो-हायड्रोजन जातीचा रॉड वापरावा, व जोडल्यावर तो भाग कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून सावकाश निवू द्यावा. घाईने त्यावर पाणी ओतणे म्हणजे केलेले काम मातीस मिळविणे होय. बिडाची रीत आणखी निराळी. चिरेच्या दोन्ही टोकांस भोक पाडून ती पुढे वाढण्याचे थांबवावे, निकेलचा रॉड घेऊन सुमारे इंचभराचे तुकडे टाकावे, प्रत्येक तुकडा गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोकावा, व एक निवल्याखेरीज दुसरा टाकू नये.

हातातील धातू कोणती हे कसे ओळखावे? सहाणेच्या चाकावर टोक धरून ठिणग्या पाहाव्या. नरम पोलादाच्या ठिणग्या लांब व सरळ रेषांच्या असतात. कार्बन जास्त असेल तर त्यांस जागोजागी फुलबाजीप्रमाणे फाटे फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड व मंद तांबूस असतात. ही परीक्षा निदेशकासमोर, निरनिराळे नमुने शेजारी ठेवून, आठ-दहा वेळा केली म्हणजे डोळा तयार होतो.

शिक्षणाची सोय

शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हा व्यवसाय ‘संधाता’ या नावाने शिकविला जातो. ज्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली तो चालतो तिचा आरंभ १९५० साली झाला. अभ्यासक्रम एका वर्षाचा असून त्यास आठवी उत्तीर्ण ही किमान पात्रता व वयास चौदा वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. मुलींसही प्रवेश खुला आहे. आरंभी कानस चालविणे, आखणी, करवतीने कापणे ही कामे असतात. नंतर गॅसची ज्योत जमविणे, वायूने कापणे, विजेच्या ठिणगीने सपाट, आडवा, उभा व डोक्यावरील जोड टाकणे, पुढे मिग व टिग या रीती, पितळी झाळकाम, बिडाचे काम आणि झिजलेल्या पृष्ठभागावर कठीण थर चढविणे हा क्रम येतो. हा शेवटला भाग शेतकऱ्याने विशेष लक्षात घ्यावा. नांगराचा झिजलेला फाळ त्यायोगे पुष्कळ दिवस टिकतो.

कर्मशाळेत घातलेल्या जोडावर खाच पाडून तो मुद्दाम मोडतात व आत मळ अडकला आहे काय, धातू मुळापर्यंत वितळली आहे काय, हे विद्यार्थ्यास दाखवितात. रस्त्यावरील दुकानात असा जोड कोणी मोडून पाहत नाही; तो गिऱ्हाइकाच्या शेतातच मोडतो. शिकून केलेल्या व पाहून केलेल्या कामांतील अंतर हेच. परीक्षा उत्तीर्ण होणारास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, व १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये पुढे कारखान्यात उमेदवारीही करता येते.

जिवाची काळजी

या धंद्यात अर्धवट माहिती घातक आहे. ठिणगीचा अदृश्य प्रकाश डोळ्यांस भाजतो. त्याची वेदना तत्काळ न होता काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते. यास्तव दहा-अकरा क्रमांकाच्या काळ्या काचेवाचून ठिणगीकडे पाहू नये, व जवळ उभ्या मुलांसही पाहू देऊ नये. जस्त चढविलेला पत्रा तापला असता त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. तीस ठिणगी लावणे म्हणजे स्फोटास आमंत्रण देणे होय. ऑक्सिजनच्या काळ्या नळकांड्याच्या तोटीस तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. ओल्या जमिनीवर उभे राहून किंवा भिजलेल्या हातमोज्यांनी रॉड धरू नये. ट्रॉलीची ओढदांडी व ब्रेकचे भाग अननुभवी हाताने जोडू नयेत. तेथे जोड सुटला तर माणसे मरतात.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, जमीनजुमला असणाऱ्याने लोहारकाम का करावे? पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या फाळावर आपण जगलो त्याच्या हुन्नरास हलके लेखण्याची ही खोड सोडली पाहिजे. वाटणी होत होत क्षेत्र लहान होत चालले आहे. चार एकरांवर तीन भाऊ वर्षभर राबू शकत नाहीत. पण एकाच्या हाती ही विद्या असली तर घरचे काम भागून गावचेही होते.

दुसरा आक्षेप, मुलगा शिकला की कारखान्यात निघून जाईल. काही जातील, हे खरे. पण चार वर्षे चांगल्या कारखान्यात काढून परत येणारा मनुष्य गावास अधिक उपयोगी असतो, आणि न परतणारा निदान कोणाच्या दारी हात पसरीत नाही. न शिकलेला मुलगाही शहरास जातोच. तो हमाल म्हणून जातो, हाच काय तो फरक.

काही सूचना

संस्था निवडताना इमारत पाहू नये, कर्मशाळा पाहावी. विद्यार्थ्यांच्या मानाने यंत्रे पुरेशी आहेत काय, रॉड व लोखंड सरावास मिळते काय, निदेशक प्रत्यक्ष हाताशी उभा राहतो काय, हे आजी-माजी विद्यार्थ्यांस विचारावे. प्रमाणपत्र हाती येताच कर्ज काढून दुकान थाटू नये. एक-दोन वर्षे जाणत्या कारागिराच्या हाताखाली काढावी. घरच्या कामापुरते प्रथम एक लहान इन्व्हर्टर यंत्र पुरे होते. सव्वातीन मिलिमीटरच्या साध्या रॉडास नव्वद ते एकशेतीस अँपिअर प्रवाह लागतो. तितका भार घरच्या विजेच्या जोडणीस झेपेल काय, याची खात्री आधी वीजतंत्र्याकडून करून घ्यावी.

दहावीच्या निकालानंतर या संस्थांचे प्रवेश सुरू होतात. ज्यांच्या घरी हातास हुशार मुलगा वा मुलगी आहे, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस काढून मुलांसह जवळच्या संस्थेत जावे, आणि येताना घरचा एखादा मोडका फण बरोबर नेऊन तो का मोडला हे निदेशकास विचारावे. त्या उत्तरावरून शिक्षणाची व संस्थेची, दोहोंची परीक्षा होईल.