"हप्ता आला की देतो": या वाक्यावर किती उधारी द्यायची?



जालना जिल्ह्यात शेतकरी गिऱ्हाईक धरून दुकान टाकायचं ठरवताय? मग हे वाक्य तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकू येणार: "दादा, हप्ता आला की देतो." माणूस खोटं बोलत नसतो. पण हप्ता कधी येणार, हे त्याच्या हातात नसतं.

आधी योजना नीट समजून घ्या. पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये, 2,000 च्या तीन हप्त्यांत. महाराष्ट्रात 2023 पासून नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी 6,000. म्हणजे एका शेतकरी कुटुंबाला वर्षाला 12,000, महिन्याला सरासरी 1,000 रुपये. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात.

आता तारखा बघा. 28 फेब्रुवारी 2024 ला यवतमाळच्या कार्यक्रमात पीएम किसानचा एक आणि नमोचे दोन असे मिळून 6,000 रुपये सुटले. पुढचा पीएम किसानचा हप्ता 18 जून 2024 ला, ऐन पेरणीत. पण 2025 मध्ये 24 फेब्रुवारीनंतरचा हप्ता थेट 2 ऑगस्टला आला. पेरणी तोपर्यंत कधीच आटोपली होती.

याच फरकात मी अडकलो. जून 2025 मध्ये मी 14 जणांना फवारणीचे बॅटरी पंप उधारीवर दिले. पंप 2,500 चा. 500 रोख, 2,000 हप्ता आल्यावर. एकूण उधारी 28,000. मागच्या वर्षी जूनमध्ये आला, म्हणजे यंदाही येईल, असं मी धरून चाललो. होलसेलवाल्याला मात्र 30 दिवसांत पैसे द्यायचे होते. शेवटी आरडी मोडून दिले. बीबीएला कॅश फ्लोचा अख्खा धडा होता, पण कळला तो तेव्हा.

ऑगस्टमध्ये काय झालं? नऊ जणांनी 18,000 आणून दिले. तिघांचा हप्ता ई-केवायसी आणि आधार लिंकमुळे अडकला होता. त्यांचे 6,000 दिवाळीनंतर आले. उरलेले दोघं बटईनं शेती करणारे. जमीन त्यांच्या नावावर नाही, म्हणून त्यांना हप्ता लागूच नव्हता. "हप्ता" म्हणजे मालकाकडून काहीतरी मिळेल, ही त्यांची आशा. त्यांनी 4,000 कापूस विकून फेडले. पैसे बुडाले नाहीत, पण माझं भांडवल पाच-सहा महिने अडकून पडलं. चूक गिऱ्हाईकाची नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून आता माझे चार नियम:

1. उधारी देण्याआधी विचारा: सातबारा कुणाच्या नावावर? मागचा हप्ता खात्यात आला का? ई-केवायसी झाली का?

2. हप्ता दोन महिने लांबला तरी होलसेलवाल्याचे पैसे स्वतःच्या खिशातून देता येतील, तेवढीच एकूण उधारी. त्यापुढे एक रुपयाही नाही.

3. वहीत "हप्ता आल्यावर" असं लिहू नका. तारीख लिहा. हप्ता नाही आला तर पैसे कशातून देणार, सोयाबीन, कापूस की मजुरी, तेही गिऱ्हाईकासमोरच लिहा.

4. कुणाचं पासबुक किंवा एटीएम कार्ड तारण म्हणून ठेवू नका, ओटीपी मागू नका. ते पैसे त्याच्या घराचे आहेत.

आणि हप्ता जमा झाला म्हणजे ते पैसे तुमच्याच दुकानात येतील, असं समजू नका. खत, किराणा, दवाखाना, पोरांची फी, सगळे रांगेत असतात. हप्त्याच्या आठवड्यात 300 ते 800 च्या वस्तू पुढे मांडा. मोठा माल पीक विक्रीच्या वेळेला भरा.

आजचा गृहपाठ: तुमच्या डोक्यातल्या दहा संभाव्य गिऱ्हाईकांची नावं लिहा. प्रत्येकापुढे लिहा, जमीन स्वतःची की बटईची, आणि पैसा कोणत्या महिन्यात हातात येतो. पाच नावांपुढेही लिहिता आलं नाही, तर दुकानाचं डिपॉझिट भरण्याआधी एकदा गावात चक्कर मारून या.

भेटू पुढच्या व्हिडिओत.