राणीच्या बागेंतील एक दिवस : आंखणी कशी करावी

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली, कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या घरोघरीं एक बेत हटकून निघतो. तो राणीच्या बागेचा. दिवस ठरतो, डबे भरले जातात, सर्व मंडळी उत्साहानें निघतात. संध्याकाळीं मात्र भायखळ्याच्या फलाटावर निराळा देखावा दिसतो. धाकटें मूल आईच्या खांद्यावर झोंपलेलें, मोठें रुसलेलें, आणि वडील घामाघूम. दिवसभरांत काय पाहिलें, असें विचारावें तर "वाघ झोंपला होता" एवढेंच उत्तर मिळतें. एका दिवसाची रजा खर्चून आणि घरच्या सर्वांस पायपीट घडवून एवढेंच पदरीं पडावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. म्हणून या सहलीची आंखणी कशी करावी, याचा विचार पालकांसाठीं व विद्यार्थ्यांसाठीं येथें एकत्रच करूं.

आमचें पहिलें सांगणें असें कीं, सगळें कांहीं पाहण्याचा हव्यास सोडावा. बागेचा विस्तार पन्नास एकरांच्या आसपास आहे, आणि तेवढ्यांत चार वर्षांच्या मुलाचीं पावलें किती पडतील, याचा हिशेब वडील माणसें सहसा करीत नाहींत. शिवाय ही जागा मुळांत प्राण्यांची नव्हेच. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं लेडी फ्रिअर यांच्या हस्तें ती खुली झाली, तेव्हां ती वनस्पतींची बाग होती. व्हिक्टोरिया राणीचें नांव तिला दिलें होतें, म्हणून लोकांच्या तोंडीं ती राणीची बाग झाली. १८७३ मध्यें ती नगरपालिकेकडे आली आणि १८९० च्या सुमारास प्राण्यांसाठीं तिची जागा वाढविण्यांत आली. आतां तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे, परंतु टॅक्सीवाल्यास हें पुरतें नांव सांगितलें, तर तोही क्षणभर थांबून "राणीबाग ना?" असेंच विचारील. तेव्हां पांच प्राणी आणि तीन झाडें, एवढाच आमचा एका दिवसाचा पाठ. त्याहून अधिक जें दिसेल, तें वरकड समजावें.

दिवस निवडतांना बुधवार टाळावा. त्या दिवशीं बाग बंद असते, आणि तिच्या लगतचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद असतें. बंद दारापाशीं हिरमुसून उभीं राहिलेलीं मुलें पाहवत नाहींत. मे महिन्यापेक्षां डिसेंबर-जानेवारी बरा, आणि रविवारापेक्षां दुसरा कोणताही दिवस बरा. ज्या घरीं रविवारखेरीज सुटीच मिळत नाहीं, त्यांनीं मन खट्टू करूं नये. दिवस हातीं नसला तरी वेळ हातीं असते. दरवाजा साडेनऊच्या सुमारास उघडतो. त्या वेळीं दारांत असावें. २०१७ सालीं प्रवेशाचे दर वाढले, तेव्हां मोठ्या माणसास ५० रुपये, मुलास २५ रुपये, आणि आई-वडील व दोन मुलें मिळून १०० रुपये असा हिशेब ठरला. निघण्यापूर्वीं चालू दर विचारून घ्यावा. पोळी-भाजी डब्यांत, पाणी बाटलींत, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घरींच, हें आईनें आदल्या रात्रींच पाहावें. वडिलांनींही पाहिलें तरी आमची हरकत नाहीं.

आंत शिरल्यावर पहिली गांठ वाघाची घ्यावी. वाघ हा पहाटेस व सायंकाळीं हिंडणारा प्राणी. ऊन चढलें कीं सांवली धरून पडून राहणें हा त्याचा स्वभावच आहे. म्हणून "वाघ झोंपला होता" या तक्रारींत दोष वाघाचा नसून आपल्या उशिराचा असतो. सकाळीं तो चालतांना दिसला, तर त्याच्या पावलांचा आवाज येतो का तें ऐकावें. चालतांना त्याचीं नखें आंत ओढलेलीं असतात. म्हणून तीं झिजत नाहींत आणि वाजतही नाहींत. कुत्र्याचीं नखें फरशीवर वाजतात, तीं आठवून पाहा. त्याच्या कानांच्या मागील बाजूस एकेक पांढरा ठिपका असतो, तो कितीजणांस दिसला, हें परत आल्यावर आम्ही विचारणार आहोंत.

पाणघोड्यापाशीं निदान दहा मिनिटें थांबावें. घाईच्या माणसास तेथें नुसतें गढूळ पाणी दिसतें. थांबणाऱ्यास आधीं दोन कान दिसतात, मग डोळे, मग नाकपुड्या. आणि हीं सर्व इंद्रियें डोक्याच्या वरच्या बाजूसच कां, हें तेथेंच उमगतें. सगळें अंग पाण्यांत ठेवूनही त्याला पाहतां, ऐकतां आणि श्वास घेतां येतो. त्याच्या कातडींतून तांबूस रस झिरपतो. पाहणाऱ्यांस तें रक्त वाटतें. परंतु तो रस उन्हापासून कातडीचें रक्षण करणारा आहे. अस्वल दिसल्यास त्याचीं लांब, वांकडीं नखें पाहावीं. वारुळ उकरण्याचीं तीं अवजारेंच होत. त्याच्या वरच्या जबड्यांत पुढील मधले दोन दांत नसतात. त्या फटींतून तें वाळवी फुंकणीच्या उलट रीतीनें, म्हणजे आंत ओढून, खातें. चितळाच्या नराचीं शिंगें दरवर्षीं गळून पडतात आणि नवीं येतात. काळविटाचीं शिंगें एकदां आलीं कीं आयुष्यभर राहतात. "शिंग" या एकाच शब्दांत आपण दोन निराळ्या वस्तू कोंबल्या आहेत, हें कुंपणापाशीं उभें राहून समजतें तसें पुस्तकांतून समजत नाहीं.

पेंग्विन भर दुपारीं पाहावे. बाहेर ऊन तापलेलें असतांना त्यांचा कक्ष थंड असतो. हे हंबोल्ट जातीचे पेंग्विन बर्फांतले नव्हेत. दक्षिण अमेरिकेंतील पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावर, वाळवंटाच्या कडेस, ते राहतात. तेथून वाहणारा समुद्राचा थंड प्रवाह त्यांना मासळी पुरवितो. २०१६ च्या जुलै महिन्यांत दक्षिण कोरियांतील सेऊलहून आठ पेंग्विन मुंबईस आणले, आणि त्यांतील एक त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मरण पावला. मुंबईच्या हवेंत त्यांना जगवावयाचें म्हणून सोळा ते अठरा अंशांचा गारवा यंत्रांनीं अहोरात्र राखावा लागतो. ही हकीकत मुलांपासून लपवूं नये. जो प्राणी आपल्या करमणुकीसाठीं इतक्या दूर आला, त्याच्या कांचेवर टकटक करण्यापूर्वीं मूल मग आपण होऊनच हात आवरतें.

आतां एका प्रश्नाकडे वळूं. तो पालकांस अवघड वाटतो, आणि आमच्या मतें सहलीचा खरा पाठ त्यांतच आहे. पिंजऱ्यांतील एखादा प्राणी एकाच रेषेंत सारखा येरझारा घालीत असतो. मूल विचारतें, "बाबा, तो असा सारखा कां फिरतो?" वडील म्हणतात, "तुला बघायला आला आहे बरं का!" मूल हांसतें, आणि प्रश्न तेथेंच मरतो. असें उत्तर देऊं नये. अरण्यांत एका नर वाघाचा मुलूख पन्नास चौरस किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक असूं शकतो. त्यांत तो हिंडतो, शिकार शोधतो, झाडांवर आपली खूण ठेवतो. बंदिवासांत अन्न आयतें मिळतें. परंतु पायांना आणि मनाला काम उरत नाहीं. कधीं खाण्याची वेळ जवळ आल्यानें तो फिरतो, आणि कधीं दुसरें कांहीं करण्याजोगें नसल्यानें फिरतो. हें सहा वर्षांच्या मुलासही समजेल अशा शब्दांत सांगतां येतें. मग तें मूल बहुधा पुढचा प्रश्न विचारतें, "मग त्याला सोडून कां देत नाहींत?" पिंजऱ्यांतच जन्मलेल्या वाघास शिकार येत नाहीं, आणि माणसाची भीतिही त्याच्या मनांतून गेलेली असते, रानांत तो उपाशी मरेल किंवा गांवांत शिरेल, हें खरें उत्तर आहे. मग त्यांना ठेवावेंच कां, असें कोणी विचारील. आम्हांस स्वतःस असें वाटतें कीं, शहरांतल्या मुलानें जिवंत वाघ एकदां तरी पाहावा. परंतु ज्याला आपण असें ठेवलें, त्याचें देणें आपण लागतों, आणि तें निदान आपल्या वागणुकीनें तरी फेडावें.

हें देणें कायद्यानेंही लावून दिलें आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यांत पुढें १९९१ मध्यें प्राणिसंग्रहालयांविषयीं कलमें घातलीं गेलीं. त्यांप्रमाणें प्राण्यास चिडविणें, इजा करणें, खाऊं घालणें, आरडाओरड करून त्रास देणें, तसेंच आवारांत कचरा टाकणें हा गुन्हा आहे. माकडास शेंगदाणे टाकणारे गृहस्थ आपण पुण्य करतों अशा समजुतींत असतात. प्रत्येकास ठरलेलें, मोजलेलें अन्न मिळत असतें. त्यावर शंभर लोकांचे शंभर तुकडे पडले तर तें आजारी पडणार. चितळानें वाऱ्यावर आलेली पिशवी अन्नाच्या वासानें गिळली, तर ती त्याच्या पोटांत साचून राहते, पचत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, दुसरा कोणी असें करीत असेल तर त्याच्याशीं भांडूं नका. जवळच्या रखवालदारास सांगा.

जेवणाच्या वेळेस झाडांकडे यावें, आणि आजीस बरोबर आणलें असेल तर हा भाग तिच्यावर सोंपवावा. बागेंत तीन हजारांहून अधिक वृक्ष आहेत. २००७ नंतर बागेच्या नव्या रचनेचा आराखडा पुढें आला, तेव्हां वृक्षप्रेमी नागरिकांनीं झाडांसाठीं आवाज उठविला, तो उगाच नव्हे. गोरखचिंच मूळची आफ्रिकेंतली. तिचा फुगलेला बुंधा पाणी सांठवितो, आणि तिचीं फुलें रात्रीं उमलतात. कैलासपतीचीं फुलें फांद्यांवर न येतां थेट खोडावर येतात. फुलाच्या मधोमध फण्याखालीं पिंडी असल्यासारखा आकार दिसतो, म्हणून हें नांव पडलें. झाड मात्र दक्षिण अमेरिकेंतील. ब्रह्मदेशाहून आलेली उर्वशी बहरांत असेल, तर तिचे लोंबते तांबडे घोंस पाहून वाघ विसरावा इतकें तें झाड देखणें आहे. त्या सांवलींत अर्धा तास कोणी कोणास कांहीं शिकवूं नये.

परततांना संग्रहालयाबाहेरील दगडी हत्ती दाखवावा. हा घारापुरीचा. याच्याचमुळें पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा म्हटलें. १८६४ च्या सुमारास इंग्रजांनीं तो विलायतेस नेण्यासाठीं उचलला, तेव्हां तो पडून फुटला. त्याचे तुकडे या बागेंत आले, आणि १९१४ मध्यें ते पुन्हां जोडले गेले. सांधे अजून दिसतात. मुलांनीं ते मोजून पाहावे. सायंकाळच्या गाड्यांस गर्दी होण्यापूर्वीं, म्हणजे चारच्या सुमारास, भायखळा स्थानक गांठावें.

प्रत्येकानें एक लहान वही बरोबर न्यावी. तींत पाणघोड्याचें पाण्यावर दिसणारें डोकें आणि चितळाचीं शिंगें, हीं दोन चित्रें जागेवरच काढावीं. वाकडीं आलीं तरी चालतील, परंतु घरीं पुस्तकांतून उतरविलेलीं नकोत. सुटी संपल्यावर पहिल्या आठवड्यांत तीं आम्हांकडे द्यावीं. विज्ञानाच्या खोलींत खिडकीजवळची भिंत त्यासाठीं मोकळी ठेविली आहे.