ताणलेल्या कापडाच्या पुढे: गुरुत्वाकर्षण समजून घेण्याची कृती

साहित्य: हुलाहूप, त्यावर चिमट्यांनी ताणून बसवलेलं लवचीक कापड, जड चेंडू, गोट्या, प्लास्टिकची बाटली, कागद-पेन्सिल. सोबत मदतीला कुणीतरी हवं.

१. चेंडू कापडाच्या मधोमध ठेवा. खळगा पडेल. गोटी तिरकी सोडली की ती चेंडूभोवती घिरट्या घालते. वस्तुमानामुळे अवकाशकाल वक्र होतो हे सांगायला सगळीकडे हेच दाखवतात.

२. आता चेंडू काढून कापडाखालून वर दाबा. खळग्याच्या जागी टेकडी येईल. पृष्ठभागाची वक्रता तीच, फक्त उलटी केलेली, पण गोट्या आता लांब पळतात. म्हणजे मघाशी त्यांना आत ओढत होतं ते पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण, कापडाचा बाक नव्हे! जे समजावायचं तेच इथे आधी गृहीत धरलेलं आहे. शिवाय या कापडात काळ कुठेच नाही, आणि माझ्या मते ही उणीव सर्वांत मोठी.

३. बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. धार लागली की उंचावरून बाटली सोडून द्या. पडताना धार थांबते. पडणाऱ्याला स्वतःचं वजन जाणवत नाही, हा विचार आइन्स्टाइनला १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात सुचला. पडणारी वस्तू आपल्या सरळ वाटेनेच जात असते. आपल्याला वर रेटत असते ती जमीन.

४. ही पायरी सावकाश करा. चेंडू सरळ वर फेकून एका सेकंदात झेलला, तर तो सव्वा मीटर चढतो. अर्ध्या सेकंदात झेलला, तर जेमतेम ३० सेंटिमीटर. जमिनीवरून पाहताना या दोन वाटांचा बाक वेगळा भासतो. पण काळही अंतरात मोजा: प्रकाश एका सेकंदात ३ लाख किलोमीटर जातो, म्हणून पहिली वाट ३ लाख किलोमीटर लांब, दुसरी दीड लाख. लांबीच्या निम्म्याचा वर्ग करून त्याला उंचीच्या दुपटीने भागा. दोन्हींची त्रिज्या सारखीच येते, सुमारे ९ लाख कोटी किलोमीटर, जवळपास एक प्रकाशवर्ष. इतका सौम्य बाक, आणि तो दिसतो केवळ काळाची लांबी अफाट असल्यामुळे.

५. काळ खरोखर बदलतो का, हे जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांवरून पडताळा. उंचीमुळे ती रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात. ३८ ची दुरुस्ती करावीच लागते.

६. अवकाशाची वक्रता मात्र प्रकाशात ठळक दिसते. सूर्याला घासून जाणारा किरण १.७५ कोनीय सेकंद वळतो. निम्मं वळण काळाचं, निम्मं अवकाशाचं. २९ मे १९१९ च्या ग्रहणात प्रिन्सिपे आणि सोब्राल इथल्या उत्तम फोटोपट्ट्यांनी पूर्ण वळणाच्या बाजूने कौल दिला.

शिक्षकांना विनंती: कापड जरूर दाखवा, पण त्याच तासाला ते उलटंही दाबून दाखवा.